शेवंतीच्या कळीसाठी अखंड रात्र

मा. संपादक यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या बागकामविषयक पानावर कुंडीतील शेवंतीच्या लागवडीवर नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. मातीचे मिश्रण, पाण्याचा निचरा आणि मावा आवरण्याचे उपाय हा लेखातील भाग नेटका आहे आणि नवशिक्याला तो निश्चित उपयोगी पडेल. मात्र ‘झाड चांगले वाढते, पाने हिरवीगार आहेत, पण कळीच धरत नाही’ या नेहमीच्या तक्रारीला लेखाच्या शेवटी जे उत्तर दिले आहे, त्यावर माझा आक्षेप आहे. स्फुरद आणि पालाश यांची मात्रा वाढवावी, दरमहा हाडांचा चुरा द्यावा आणि तरीही फुले न आल्यास बहरासाठी मिळणारे एखादे तयार द्रव फवारावे, असे तेथे सुचवले आहे. जोमदार असूनही कळी न धरणाऱ्या शेवंतीला हा उपचार करणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला देण्यासारखे आहे. अशा झाडाची अन्नाची बाजू बहुधा ठीकच असते आणि कमतरता असते ती रात्रीची. संपूर्ण लेखात अंधार हा विषय एकदाही आलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

शेवंती हे लहान दिवसाचे झाड आहे, असे वनस्पतिशास्त्राची पुस्तके सांगतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की दिवस साधारण साडेचौदा तासांपेक्षा लहान झाल्याशिवाय तिच्या बहुतेक वाणांचा शेंडा पाने करण्याचे सोडून कळीकडे वळत नाही, आणि धरलेली कळी नीट वाढून उमलावी यासाठी दिवस आणखी आखूड, म्हणजे साडेतेरा तासांच्या आत यावा लागतो. वाणावाणांत यात थोडाफार फरक पडतो, पण नियम तोच राहतो. यात सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाशही झाडाच्या हिशेबी दिवसातच जमा होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे पंचांगातील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून काढलेला दिवस आणि शेवंतीला जाणवणारा दिवस यांत सहज अर्ध्यापाऊण तासाचे अंतर पडू शकते.

दिवसाच्या लांबीचा आणि फुलोऱ्याचा हा संबंध अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीन यांवरील प्रयोगांतून मांडला. त्यानंतरच्या संशोधनाचा बराच मोठा भाग मात्र शेवंतीच्याच कुलातील वनस्पतींवर झालेला आहे, ही गोष्ट मला फार लोभस वाटते. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवर एक अत्यंत साधा प्रयोग केला. त्यांनी झाडाच्या वरच्या अर्ध्या भागाची पाने काढून टाकली आणि खालच्या पानांच्या भागाला लहान दिवस व वरच्या उघड्या भागाला मोठा दिवस दिला, तेव्हा झाड फुलले. हीच व्यवस्था उलट केली, तेव्हा ते फुलले नाही. रात्रीची मोजणी पाने करतात आणि शेंड्याला तसा निरोप पाठवतात, हे त्यावरून दिसले. निरोप नेणाऱ्या त्या तेव्हा अज्ञात असलेल्या द्रव्याला त्यांनी फ्लोरिजेन असे नाव दिले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या शंकेश्वर या तणावर काम केले. हे तणही शेवंतीच्याच गोतावळ्यातले आहे. भर दिवसा झाडाला थोडा वेळ अंधारात ठेवल्याने काही बिघडत नाही, पण रात्रीच्या मध्यात थोडासा जरी उजेड पाडला तरी फुलोरा थांबतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘लहान दिवसाचे झाड’ हे नाव रूढ झालेले असले, तरी झाड प्रत्यक्षात मोजते ती अखंड रात्र.

हा उजेड झाडाला कशामुळे कळतो, याचा धागा १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवरील प्रयोगांतून हाती लागला, आणि लेट्यूसही पुन्हा याच कुलातले. तांबडा प्रकाश दिला की बी रुजते, त्यामागोमाग अतितांबडा, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिला की रुजणे थांबते आणि कितीही वेळा अदलाबदल केली तरी शेवटच्या प्रकाशाचेच म्हणणे खरे ठरते, असे बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने दाखवले. यामागील रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले, आणि पानांमधून रात्र मोजण्याच्या कामीही तेच रंगद्रव्य असते. शेवंतीच्या बाबतीत या कथेला आणखी एक पदर २०१३ मध्ये जोडला गेला. जपानी संशोधकांनी शेवंतीच्या एका रानटी भाईबंदावर काम करून असे दाखवले की रात्रीत उजेडाचा खंड पडला, तर पाने फुलोरा रोखणारे एक प्रथिन तयार करतात आणि ते शेंड्यापर्यंत पोहोचून कळीला अटकाव करते. थोडक्यात, दिव्याखालची शेवंती नुसती वाट पाहत बसलेली नसते. तिच्याच पानांतून दर रात्री ‘अजून फुलू नकोस’ असा निरोप जात असतो. अशा वेळी मुळाशी टाकलेल्या पालाशने तो निरोप कसा बदलणार?

आता हे आपल्या गच्च्या, सज्जे आणि अंगणे यांना लावून पाहावे. उजेड लक्स या एककात मोजतात; भर पौर्णिमेच्या चांदण्याची तीव्रता एका लक्सच्या पाव भागाच्या आसपास असते आणि शेवंती तिची दखल घेत नाही. रस्त्यावरील दिव्याच्या थेट खाली मात्र दहा-वीस लक्स उजेड सहज असतो, आणि सज्ज्यात डोक्यावर लावलेल्या दिव्याखाली तर तो याहून पुष्कळ अधिक भरतो. फुलशेती करणारे ज्या वेळी शेवंतीला मुद्दाम फुलू द्यायचे नसते, त्या वेळी रात्री दहा ते दोनच्या दरम्यान शंभर लक्सच्या आसपास उजेड देतात. याहून कितीतरी मंद उजेडही संवेदनशील वाणांचा बहर लांबवायला पुरेसा होतो. तेव्हा रात्रभर जळणारा जिन्यातील दिवा, कोणी आले-गेले की आपोआप लागणारा दारावरचा दिवा किंवा समोरच्या पाटीचा पांढरा झोत हे सर्व नकळत त्या फुलशेतकऱ्याचेच काम करीत असतात. पांढऱ्या एलईडी दिव्यांत तांबड्या प्रकाशाचा अंश असतोच, त्यामुळे जुन्या पिवळ्या बल्बच्या जागी एलईडी लावल्याने शेवंतीची सुटका झाली, असे समजू नये.

हे ताडून पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही. एकाच वाणाच्या कुंड्या दिव्यापासून दूर जाणाऱ्या एका रांगेत ठेवलेल्या असतील, तर रात्री मोठ्या होऊ लागल्यानंतर काही आठवड्यांनी त्या रांगेकडे नीट पाहावे. दूरच्या कुंड्यांत प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरव्या, घट्ट, किंचित चपट्या कळ्या दिसतात, मधल्या कुंड्यांत त्या लहान आणि मागे पडलेल्या असतात आणि दिव्याजवळची कुंडी सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवी आणि एकही कळी नसलेली असते. माती तीच, खत तेच, पाणीही तेच. अशी रांग एकदा पाहिली की खताच्या पिशवीवरील आश्वासने वाचण्याची इच्छा आपोआप कमी होते.

याहूनही बारकाईने पाहायचे असेल, तर एकाच शेंड्याचे निरीक्षण करावे. शेवंतीचे नेहमीचे पान खोलवर कातरलेले, खंडाखंडांचे असते. रात्र पुरेशी मोठी झाल्यामुळे शेंड्याने कळी धरली, पण मध्येच दिवा लागू लागल्याने रात्रीत खंड पडत गेला, तर त्या कळीच्या लगतची पाने अरुंद, लांबट आणि जवळजवळ न कातरलेली, एखाद्या पट्टीसारखी येतात. मधली कळी तशीच बसून राहते आणि तिच्या बगलेतून नवे फुटवे निघून तिला मागे टाकतात. हा थबकलेला शेंडा म्हणजे कीड, बुरशी किंवा अन्नद्रव्यांची कमतरता यांपैकी काहीही नव्हे. पट्टीसारखी पाने आणि त्यांत अडकलेली कळी एकत्र दिसली, की प्रथम रात्रीच्या उजेडाचा शोध घ्यावा.

कळी दिसली म्हणजे काम झाले, असेही मानता येत नाही. शेवंतीचे जे एक फूल आपण खुडतो, तो खरे तर शेकडो लहान पुष्पकांचा एकत्र फुलोरा, म्हणजे स्तबक असतो. कडेची लांब, पाकळीसारखी दिसणारी ती किरण-पुष्पके आणि मध्यभागी दाटीने बसलेली नळीसारखी ती बिंब-पुष्पके. ही पुष्पके कडेकडून मध्याकडे क्रमाक्रमाने घडत जातात आणि या घडणीला बराच काळ लागतो. म्हणूनच सुरुवातीच्या काही मोठ्या रात्रींवर भागत नाही आणि कळीला रंग दिसेपर्यंत रात्री अखंड राहाव्या लागतात. आठवड्यात एखादी रात्र चुकली तर बहर बुडत नाही, फक्त लांबतो, पण रोजच काही तास दिवा लागत असेल तर तो लांबण्याला अंत राहत नाही.

उपाय सोपा आहे. कुंडी रात्री ज्या जागी खरोखर अंधार असतो अशा जागी हलवावी, हा पहिला आणि सर्वांत चांगला उपाय. ते शक्य नसेल तर संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास झाड जाड काळ्या कापडाने किंवा आतून काळ्या केलेल्या खोक्याने झाकावे आणि सकाळी आठच्या सुमारास उघडावे, म्हणजे तेरा-चौदा तासांची रात्र मिळते. कापडातून उजेड झिरपतो की नाही, हे ते दिव्यासमोर धरून आधी तपासून घ्यावे, कारण पुष्कळ काळी कापडे दिसतात तितकी काळी नसतात. झाकण घालण्याची घाई दुपारी उन्हात कधीही करू नये. आत कोंडलेल्या उष्णतेमुळे आणखी एक अडचण उभी राहते, ती अशी की शेवंतीला कळी धरण्यासाठी रात्रीचे तापमान सोळा ते अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत मानवते आणि ते तिशीकडे सरकले तर रात्र कितीही मोठी असली तरी फुलोरा रेंगाळतो. अंधार पाळूनही बहर उशिरा आला, तर दोष बहुधा या उकाड्याचा असतो. झाकणाच्या खालच्या कडेने हवा खेळती राहील, पण उजेड आत शिरणार नाही, अशी व्यवस्था करता आली तर उत्तमच.

झाड किती दिवसांत फुलेल, हे वाणावर अवलंबून असते. मोठ्या रात्री सुरू झाल्यापासून काही वाण सहा-सात आठवड्यांत फुलतात, कुंडीसाठी विकले जाणारे बहुतेक वाण आठ ते दहा आठवडे घेतात आणि काही उशिरा फुलणारे वाण चौदा-पंधरा आठवड्यांपर्यंत जातात. व्यावसायिक उत्पादक वाणांची विभागणी याच आठवड्यांवरून करतात आणि ज्या दिवशी फूल बाजारात पाठवायचे, तेथून मागे मोजत अंधाराचा पहिला दिवस ठरवतात. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात शेवंती मिळते, यामागे दिवे आणि काळे पडदे यांचाच खेळ आहे. विषुववृत्ताच्या जवळ, उदाहरणार्थ कोलंबियात, हा खेळ उलटा खेळावा लागतो. तेथे बारा महिने दिवस बारा तासांच्या आसपास असल्यामुळे लावलेले रोप वीतभर होण्याआधीच कळी धरू लागते, आणि दांडा पुरेसा लांब व्हावा म्हणून उत्पादकांना सुरुवातीचे काही आठवडे रात्री दिवे लावून त्याला फुलण्यापासून थोपवून धरावे लागते. अक्षांश जसजसा वाढतो तसतसा उन्हाळ्यातील दिवस लांबत जातो आणि उघड्यावरची शेवंती शरद ऋतूची वाट पाहते. एखाद्याने दुसऱ्याच अक्षांशावर लिहिलेले बागकामाचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळले तर हाती काय लागेल, हे यावरून समजावे.

शेंडा खुडण्याबद्दल आपल्या लेखात ‘वेळोवेळी खुडत राहावे’ एवढेच वाक्य आहे. त्यातील ‘वेळोवेळी’ हा शब्द पुष्कळ झाडांचा बहर खाऊन टाकतो. रोप मुळे धरून वाढीला लागले आणि त्याला पाच-सहा पाने आली, की पहिला शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फुटवे येऊन झाड घेरदार होते. फुटव्यांचेही शेंडे एकदोनदा खुडता येतात. परंतु शेवटची खुडणी रात्री मोठ्या होण्याच्या किमान दोनतीन आठवडे आधी झालेली असावी, कारण त्यानंतर खुडलेल्या प्रत्येक शेंड्याबरोबर त्यात घडू लागलेली कळीही खुडली जाते. ज्यांना एका दांड्यावर एकच मोठे फूल हवे असते, त्यांनी बगलेतील कळ्या मोहरीएवढ्या असतानाच नखाने काढून मधली तेवढी ठेवावी. ज्यांना भरगच्च झुडूप हवे असते, त्यांनी या भानगडीत पडू नये. एका दांड्यावर अनेक फुले घेण्यासाठी असलेल्या काही फवारा-प्रकारच्या (स्प्रे) वाणांत तर उलट मधली कळीच काढून टाकतात, म्हणजे बाजूच्या कळ्या एकदम उमलतात.

याचा अर्थ खताला काही महत्त्वच नाही, असा घेऊ नये. शेवंती खादाड आहे, आणि वाढीच्या सुरुवातीच्या सहासात आठवड्यांत नत्र कमी पडले तर दांडा बारीक, पाने फिकट आणि फुले लहान राहतात. नंतर दिलेल्या खताने ती तूट पूर्ण भरून निघत नाही. कळ्या दिसू लागल्यावर मात्र नत्राचा हात आखडता घ्यावा, अन्यथा पाने लुसलुशीत होऊन माव्याला आमंत्रण मिळते आणि उमललेले फूल फार दिवस टिकत नाही. म्हणजे खताने फुलाचा आकार, दांड्याची ताकद आणि टिकण्याची मुदत ठरते, तर फूल येणार की नाही हे रात्र ठरवते. हाडांच्या चुऱ्याबद्दल सांगायचे तर त्यातील स्फुरद आम्लधर्मी मातीतच सावकाश मोकळे होते आणि अल्कधर्मी मातीत ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. स्फुरदाचा मारा अती केला तर लोह आणि जस्त उचलणे झाडाला अवघड होते, आणि शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा अशी नवी पाने दिसू लागतात. मग त्या पिवळेपणावर तिसरे औषध येते. न फुलणाऱ्या झाडाच्या कुंडीत असे थरावर थर चढत गेलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत, आणि वर दिवा तसाच जळत असतो.

रोपवाटिकेतून फुललेली कुंडी विकत आणणाऱ्यांची निराशा वेगळ्या प्रकारची असते, आणि तिचाही उल्लेख लेखात यायला हवा होता. गोल, बुटके, सर्व बाजूंनी सारखे फुललेले ते झाड बहुधा एक झाड नसतेच. एकाच कुंडीत चारपाच छाट लावून, त्यांचे शेंडे एकाच दिवशी खुडून, ठरलेल्या आठवड्यांपुरता काळा पडदा ओढून आणि वाढ खुंटवणारे डॅमिनोझाइडसारखे द्रव्य फवारून ते तयार केलेले असते. त्या द्रव्याचा परिणाम ओसरला की पुढच्या हंगामात तेच वाण गुडघ्याएवढे किंवा त्याहून उंच वाढते, फांद्या लवतात, आणि आपल्या हाताला गुण नाही असे समजून लोक कुंडी रिकामी करतात. हात दोषी नसतो. वाणाची मूळ उंचीच तेवढी असते. वेळेवर खुडणी आणि भरपूर ऊन यांनी ती बरीच आटोक्यात ठेवता येते. दिवसा सहाएक तासांचे थेट ऊन आणि रात्री निर्भेळ अंधार अशा दोन्ही टोकांची शेवंतीला गरज असते. अंधार हवा म्हणून कुणी तिला दिवसभर सावलीत नेऊन ठेवू नये.

बहर ओसरल्यावर झाड मातीपासून वीतभर उंचीवर छाटावे. काही आठवड्यांत बुंध्याभोवती जमिनीतून काश्या, म्हणजे नवे कोंब वर येतात. पुढील वर्षाची लागवड या काश्यांपासून किंवा त्यांच्या कोवळ्या शेंड्यांच्या पाचसात सेंटिमीटर लांबीच्या छाटांपासून करावी. जुना, लाकडासारखा झालेला बुंधा वर्षानुवर्षे राखत बसू नये, कारण तो मधोमध पोकळ होत जातो आणि फुले कडेलाच येतात. खालची पाने काढून छाट ओलसर, निचऱ्याच्या माध्यमात खोचला तर दोनतीन आठवड्यांत त्याला मुळे फुटतात. मुळे फुटवण्याचे संजीवक वापरले तर चालते, पण त्यावाचून काही अडत नाही. बियांपासून मात्र आईसारखे झाड येत नाही. बागेतील शेवंती अनेक संकरांतून आलेली आणि गुणसूत्रांच्या सहा संचांची असल्यामुळे प्रत्येक रोप वेगळे निघते. नवे वाण काढणाऱ्याला ते हवे असते, आवडते फूल टिकवू पाहणाऱ्याला नको असते. कधी कधी बियांवाचूनही बदल घडतो, आणि गुलाबी झाडाच्या एखाद्याच फांदीवर पिवळे फूल येते. अशी फांदी दिसली तर तिच्यावर खूण बांधून तिचेच छाट घ्यावेत. बाजारातील कित्येक प्रसिद्ध वाण अशाच एका फांदीपासून आलेले आहेत.

छाट घेताना पाते प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावे, ही सूचना किरकोळ वाटते, पण तिच्यामागे मोठे कारण आहे. विषाणूहूनही लहान अशा एका व्हायरॉइडमुळे शेवंतीला खुजेपणाचा रोग होतो. झाड निम्म्या उंचीचे राहते, पाने लहान होतात, फुले फिकट आणि नेहमीपेक्षा थोडी लवकर येतात. त्यावर औषध नाही आणि तो पसरतो तो मुख्यतः रसाने माखलेल्या पात्यांतून आणि हातांतून. लक्षणे दिसायला काही महिने लागत असल्याने निरोगी दिसणारे झाडही आईझाड म्हणून धोक्याचे ठरू शकते. तेव्हा खुजे झाड सांभाळण्यापेक्षा ते मुळासकट नष्ट करणे शहाणपणाचे. पांढरा तांबेरा या बुरशीजन्य रोगाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. पानाच्या वरच्या बाजूला फिकट, किंचित खोलगट ठिपके आणि खालच्या बाजूला पांढुरके-गुलाबी फोड अशी त्याची ओळख आहे. पानावर काही तास पाणी साचून राहिल्याखेरीज तो पसरू शकत नाही, म्हणून पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. बाकीच्या किडींविषयी लेखात पुरेसे आले आहे.

आणखी एक मुद्दा. लेखाचे शीर्षक शेवंतीचे असले तरी ‘या कुलातील सर्व फुलझाडांना हेच उपाय लागू पडतात’, असे एक वाक्य त्यात आहे. हे कुल तीस हजारांहून अधिक जातींचे आहे आणि रात्रीच्या लांबीबाबत त्यात एकमत मुळीच नाही. आफ्रिकन झेंडू आणि झिनिया लहान दिवसांत लवकर फुलतात, पण मोठ्या दिवसांतही अडून बसत नाहीत. सूर्यफुलाच्या अनेक वाणांना दिवसाच्या लांबीचे फारसे सोयरसुतक नसते. काळ्या डोळ्याची पिवळी रुडबेकिया तर शेवंतीच्या नेमकी उलट, म्हणजे तिला फुलण्यासाठी मोठा दिवस लागतो. शेवंतीला उपयोगी पडलेला काळा पडदा कुणी उत्साहाने रुडबेकियावर घातला तर ती पानांचा गुच्छ करून जमिनीलगत बसून राहील. कुल एक असले तरी प्रत्येक झाडाची तऱ्हा स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे की लेखकमहाशयांनी पुढील एखाद्या अंकात ‘कळी धरत नाही’ या प्रश्नाचे उत्तर पुन्हा द्यावे आणि खतांच्या यादीआधी ‘रात्री तुमच्या झाडावर कोणता दिवा पडतो?’ हा प्रश्न वाचकाला विचारावा. त्याबरोबरच, आपले हे पान रोपवाटिकांचे चालकही वाचत असतील, तर त्यांनी शेवंतीच्या कुंडीवरील चिठ्ठीत ‘भरपूर ऊन, मध्यम पाणी’ या ठरावीक शब्दांखाली आणखी तीन गोष्टी छापाव्यात: वाणाचे नाव, मोठ्या रात्री सुरू झाल्यापासून फुलायला लागणारे आठवडे आणि वाढ खुंटवणारे द्रव्य न वापरता त्या वाणाची होणारी उंची. ही माहिती उत्पादकाकडे असतेच, कारण तिच्यावाचून त्याचे वेळापत्रक बसत नाही. चिठ्ठीच्या मागची बाजू बहुधा कोरीच असते, तेव्हा जागेची अडचण येऊ नये.

आपली,
एक नियमित वाचक